तिची पाठ आणि माझं व्याख्यान

चौतीस वर्षं मी तंजावरच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं आणि त्यातली निदान तीस वर्षं दुखऱ्या दाताची टिंगल केली. अस्तित्ववाद शिकवायला घेतला की पहिल्याच तासाला मी फळ्यावर एक भलामोठा दात काढायचो. माझी चित्रकला यथातथाच. तो दात कमी आणि मुळा जास्त वाटायचा, पोरं हसायची. मग मी विचारायचो, दात दुखला तर कुठे जाता? पोरं म्हणायची, डॉक्टरकडे. आणि आपण जगतो कशासाठी हेच कळेनासं झालं, छातीत नुसतीच घालमेल सुरू झाली, तर कुठे जाता? वर्ग चिडीचूप. मला तेवढंच हवं असायचं. पुढचा तासभर मी कुणाला बोलू द्यायचो नाही.

सांगायचो ते असं. शरीराच्या दुखण्याला जागा असते, कारण असतं, गोळी असते. मनाच्या घालमेलीला यातलं काहीच नसतं. दुखणं बैलालाही होतं, घालमेल फक्त माणसाला, कारण आपलं आयुष्य आपणच निवडायचं हे ओझं एकट्या त्याच्याच डोक्यावर आहे. म्हणून दुखणं धाकटं आणि घालमेल थोरली. परीक्षेत यावर दहा मार्कांचा प्रश्न हमखास यायचा आणि पोरं तो दात काढूनसुद्धा दाखवायची. मी खूश!

हे सगळं अर्धं इंग्रजीत, अर्धं तमिळमध्ये चालायचं. मराठी फक्त घरात. आमची घराणी राजवाड्यामागच्या गल्ल्यांत मराठे राजे होते तेव्हापासूनची. राजे गेले, आम्ही राहिलो. बाजारात, बसमध्ये, ऑफिसात तमिळ आणि उंबऱ्याच्या आत मराठी, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची वाटणी आहे. ते मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे तोंडाला पदर लावून हसतात. आमच्यातल्या बहुतेकांना देवनागरी वाचताही येत नाही. मी चाळिशीत शिकलो, हौस म्हणून. तेव्हा इथे मी पुस्तकी वळणानं लिहितोय, आम्ही घरात असं बोलत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आणि एक सवय सांगायलाच हवी, कारण सगळा घात तिनंच केला. परकं माणूस समोर असलं की आम्ही एकमेकांशी मराठीत बोलतो. पाहुणा सोफ्यावर बसलेला असतो आणि बायको हसत हसत मला म्हणते, ‘दूध संपलंय, हे उठणार कधी?’ मीही हसत हसत म्हणतो, ‘बहुतेक जेवूनच जाईल.’ पाहुणाही हसतो. बिचाऱ्याला वाटतं, आपलंच कौतुक चाललंय. लहानपणापासून आम्हांला एकच शिकवलेलं, मराठीत बोललेलं बाहेर न्यायचं नाही. हा आमच्याकडे कायदाच.

माझी बायको मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. माझ्याआधी दोन वर्षं निवृत्त झाली. ती मितभाषी आणि मी वाचाळ, त्यामुळे छत्तीस वर्षांच्या संसारात दोघांचं बोलणं मीच बोललो. एकुलती एक मुलगी. ती लग्न करून मागच्या जूनमध्ये कॅनडाला गेली. तिरुचीच्या विमानतळावर मी ढसाढसा रडलो, अगदी लोक बघत होते, आणि बायको डोळ्यांतून टिपूस न काढता मुलीला म्हणाली, ‘पासपोर्ट हातात ठेव.’ घरी येताना टॅक्सीत मी तिच्याकडे बघत होतो. मला वाटलं, हे बरं नाही. हे कुठून तरी बाहेर येणार.

ऑगस्टमध्ये तिची पाठ दुखायला लागली. आणि मी, देवा रे, मी चक्क खूश झालो. माझं भाकीत खरं ठरलं होतं ना!

‘तू रडली नाहीस, म्हणून तुझी पाठ रडतेय,’ असं मी तिला म्हणालो. हे वाक्य मला इतकं आवडलं की लगेच उठून वहीत लिहून ठेवलं. तेव्हा ती ओट्याला टेकून उभी होती. ती म्हणाली, ‘असेल. जरा ग्राइंडरचा दगड काढून देता का? मला उचलवत नाही.’ मी दगड काढून दिला आणि परत वहीकडे गेलो.

एकदा माणसाच्या डोक्यात सिद्धांत शिरला की जे दिसेल ते तो त्यातच कोंबतो. ती रोज पहाटे दारात रांगोळी काढायची. इथे तिला कोलम म्हणतात. कमरेत वाकून, गुडघे न मोडता, चांगली हातभर रुंद कोलम. सप्टेंबरमध्ये ती वीतभर झाली. मग नुसत्या चार रेघा. मग एक दिवस तिनं बाजारातून कोलमचं प्लॅस्टिकचं स्टिकर आणून उंबऱ्याशी चिकटवून टाकलं. कुठल्याही शहाण्या माणसाला कळलं असतं की हिला वाकता येत नाही. मला काय कळलं? तर हिला रोजच्या कर्माची निरर्थकता जाणवू लागली आहे! मी ते शेजारच्या प्राध्यापक मित्राला फोन करून सांगितलं. अभिमानानं सांगितलं.

तिचे ब्लाउज सैल झाले. मी म्हणालो, अन्नावरची वासना उडाली आहे. संध्याकाळी तिचं अंग कसकसायचं आणि ती पंख्याखालून उठून आत जाऊन बसायची. मी म्हणालो, संध्याकाळी माणसाला एकटेपण जास्त भासतं. आज हे लिहिताना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

शेवटी तिनंच डॉक्टरचा विषय काढला. घराजवळच एक दवाखाना आहे, डॉक्टर चांगला सालस माणूस, मला ‘प्रोफेसर सार्’ म्हणतो आणि मी गेलो की उभा राहतो. आम्ही दोघं त्याच्यासमोर बसलो. त्यानं तमिळमध्ये विचारलं, ‘अम्मा, कुठे दुखतंय?’ ती तमिळमध्ये म्हणाली, ‘पाठीत. थोडंसं.’

परक्यासमोर आमच्याकडच्या बायका सगळंच थोडंसं सांगतात. भूक थोडीशी, ताप थोडासा. मग ती माझ्याकडे वळली आणि हळू आवाजात मराठीत म्हणाली, ‘थोडंसं नाही हो. आतून कुणीतरी स्क्रू पिळतंय असं होतं. कूस वळवता येत नाही. मोरीपर्यंत जायला भिंत धरते मी. अन् संध्याकाळी ताप येतो. तुम्ही सांगा ना त्यांना.’

डॉक्टरनं कौतुकानं विचारलं, ‘अम्मा काय म्हणतायत?’

मी म्हणालो, ‘मुलीची फार आठवण येते म्हणतायत.’

मी असं म्हणालो. अगदी सहज, हसून. मी थापाड्या माणूस नाही. कॉपी करणाऱ्या पोरांना मी वर्गाबाहेर काढलेलं आहे. त्या क्षणी मला खोटं बोलतोय असं वाटलंही नाही. मला वाटलं, शब्द काय कुणीही पोचवेल, मी अर्थ पोचवला. ती स्क्रू म्हणत होती, मला मुलगी ऐकू येत होती. आणि मराठीतलं बाहेर न्यायचं नाही, हे अंगात इतकं मुरलेलं की तिचे शब्द जसेच्या तसे तमिळमध्ये ठेवायचं मला सुचलंसुद्धा नाही.

तिनं माझ्याकडे बघितलं. मग कोपऱ्यातल्या वजनाच्या काट्याकडे बघत राहिली. मी त्या गप्प राहण्याचा अर्थ होकार असा घेतला.

डॉक्टर म्हणाला, ‘तरी एक एक्स-रे काढून घेऊ या का?’

‘कशाला?’ मी म्हणालो. ‘एक्स-रेत मुलगी दिसणार आहे का?’

डॉक्टर हसला. सार् म्हणतायत म्हणजे काय प्रश्नच नाही! त्यानं दुखऱ्या पाठीसाठी एक गोळी आणि मन शांत राहायला एक गोळी लिहून दिली. ती दोन्ही गोळ्या वेळच्या वेळी घ्यायची. घेताना घड्याळ बघायची.

नोव्हेंबरमध्ये माझ्या जुन्या कॉलेजनं मला व्याख्यानाला बोलावलं. विषय मीच दिला, शरीराचं दुखणं आणि मनाची घालमेल. निवृत्तीनंतर इतक्या दिवसांनी माइक मिळणार म्हणून मी आठवडाभर हवेत होतो. ती येत नाही म्हणाली. ‘मला बसवत नाही हो फार वेळ.’ मी म्हणालो, ‘घरात कोंडून घेतलंस की असंच होणार. चल, बाहेर पडलीस की बरं वाटेल.’ रिक्षात मी टिपणं वाचत होतो. रस्त्यात खड्डा आला की ती दोन्ही हातांनी दांडी धरून सीटवरून अंग उचलून घ्यायची. ते मला दिसत होतं. खोटं कशाला बोलू, दिसत होतं.

तिला पहिल्या रांगेत बसवलं. मला व्यासपीठावर नेऊन खांद्यावर रेशमी शाल घातली, आमच्याकडे वक्त्याचा मान असाच करतात. मी सव्वा तास बोललो. छान बोललो, हे मी आजही म्हणेन. दात काढला, पोरं हसली. मग रंगात येऊन म्हणालो, ‘माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत. मुलगी परदेशी गेली, त्या रडल्या नाहीत. आता त्यांची पाठ रडते. एक्स-रे काढून त्यात काय दिसणार? तिथे हाड दुखत नाही, तिथे एक न घेतलेला निरोप दुखतोय.’ टाळ्या! आणि कॉलेजातल्या जुन्या मंडळींना बाई कोण ते कळलंच, सगळ्या माना पहिल्या रांगेकडे वळल्या. ती जराशी हसली. मांडीवरच्या निऱ्या सारख्या केल्या.

कार्यक्रम संपला आणि शिरस्त्याप्रमाणे राष्ट्रगीत सुरू झालं. सगळं सभागृह उठलं. ती उठली नाही.

मला आधी रागच आला. काय हे, सगळ्यांदेखत बसून राहते! मी व्यासपीठावरून डोळ्यांनी खूण केली, ऊठ. तिनं खुर्चीचे हात धरले, खांदे वर आले, चेहरा लालबुंद झाला आणि ती परत खाली बसली. मग तिनं माझ्याकडे बघितलं आणि मराठीत म्हणाली, चांगलं मोठ्यानं म्हणाली, ‘अहो, पाय कळेनात. माझे पाय कुठं आहेत?’

सभागृहात दोनेकशे माणसं असतील. मराठी कळणारा मी एकटा. आणि मी काय केलं? ताठ उभा राहिलो. हात मांडीला चिकटवून, नजर समोर, गाणं संपेपर्यंत. ती माझ्याकडे बघत होती. मी हललो नाही. शाळेपासूनची सवय म्हणा, लाज म्हणा, की अजूनही मला वाटत होतं की हे मनाचंच आहे, थांबेल. मला खरंच माहीत नाही. विचार करकरून डोकं दुखतं, पण उत्तर मिळत नाही.

गाणं संपल्यावर मी पायऱ्या उतरून धावलो. तिच्या खुर्चीखालची फरशी ओली झाली होती. तिला ते माहीतही नव्हतं. माझी नजर गेली तशी तिनं खाली बघितलं आणि पदर ओढून ती खुर्ची झाकायला लागली. इंग्रजीच्या विभागातल्या एका बाईंनी माझ्या खांद्यावरची मानाची शाल काढून घेतली आणि तिच्या कमरेभोवती गुंडाळली. चार मुलींनी तिला खुर्चीसकट उचलून बाहेर कॉलेजच्या गाडीपर्यंत नेलं. मी मागे तिची चप्पल घेऊन चालत होतो.

मोठ्या इस्पितळात एक तरुण डॉक्टरीण होती, माझ्या मुलीच्याच वयाची. स्कॅन झालं. तिनं पडद्यावर मला बायकोच्या पाठीचा कणा दाखवला. एकावर एक ठेवलेले मणके आणि मध्येच दोन मणके कुरतडल्यासारखे, कोपरे नसलेले. त्यांच्यामागे पांढुरकं काहीतरी साचून मज्जारज्जूवर दाबत होतं. मणक्याचा क्षय, ती म्हणाली. टीबी. लवकर कळला असता तर बहुतेक गोळ्यांनीच बरा झाला असता. आता ऑपरेशन करून दाब काढावा लागेल आणि पाय परत येतील की नाही ते आत्ता सांगता येणार नाही.

मी त्या पडद्याकडे बघतच राहिलो. दुखण्याला जागा असते, मी आयुष्यभर म्हणत आलो होतो. ती बघा, ही जागा! बोट ठेवता येईल अशी.

‘किती दिवसांपासून दुखत होतं?’ तिनं लिहिता लिहिता विचारलं.

‘ऑगस्टपासून.’

‘कुणाला दाखवलं नाही?’

‘दाखवलं.’

‘त्यांनी साधा एक्स-रे पण काढला नाही?’

‘ते काढत होते. मी काढू दिला नाही.’

तिचं पेन थांबलं. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, मी दारू पितो की काय, असं. मग विचारलं, ‘तुम्ही काय करता, सार्?’ मी म्हणालो, ‘काही नाही. रिटायर झालोय.’ काय शिकवत होतो ते सांगायची माझी हिंमत झाली नाही.

ऑपरेशन पाच-सहा तास चाललं. मी बाहेर बाकावर. आता, म्हटलं, आली ती तुझी थोरली घालमेल. आणि आली होती, शंका नको. ती उठलीच नाही तर काय, तिनं आपल्याला माफ केलं नाही तर काय. मी केलं ते मीच केलं, दुसऱ्या कुणाच्या नावावर लोटता येत नाही, हे मी वर्गात तीस वर्षं सांगितलं होतं आणि आता बाकावर बसून माझंच वाक्य मला चावत होतं. पण दोनच्या सुमाराला काय झालं माहीत आहे? मला भूक लागली. मी खाली कँटीनमध्ये जाऊन दहीभात खाल्ला, लोणच्याबरोबर. कॉफी घेतली. वर येऊन बसल्या बसल्या डुलकीसुद्धा काढली. जागा झालो आणि शरमेनं अंगावर काटा आला. माझ्या घालमेलीला मधली सुट्टी होती! तिच्या पाठीला चार महिन्यांत एका घासापुरती सुट्टी मिळाली नव्हती. कूस वळवता येत नाही अशा माणसाला जगण्याचा अर्थ शोधायला कुठून फुरसत मिळणार? त्याला फक्त कूस वळवायची असते.

त्या अस्तित्ववादी तत्त्वज्ञांनी शरीराबद्दल काही लिहिलंच नाही असं नाही, बरं का. लिहिलंय, पानंच्या पानं लिहिलीयत. मी ती कधी शिकवली नाही. सिलॅबसमध्ये नव्हती. आणि खरं सांगायचं तर मला ती कंटाळवाणी वाटायची.

चौथ्या दिवशी तिच्या उजव्या पायाचा अंगठा हलला. डॉक्टरीण म्हणाली, ‘अम्मा, परत करा,’ आणि तो परत हलला. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडलो. ही चांगली खूण आहे, पण महिने लागतील, डॉक्टरीण म्हणाली.

त्यानंतरच्या एका दुपारी मी बायकोवर ओरडलो. हो, तिच्यावरच! माझा स्वभावच असा घाणेरडा आहे, लाज वाटली की ती रागाच्या वाटेनं बाहेर पडते. ती पाठीला पट्टा बांधून पडली होती, मी मोसंबं सोलत होतो, आणि एकदम म्हणालो, ‘तू बोलली का नाहीस? त्या दवाखान्यात? तुला तमिळ येतं, माझ्यापेक्षा चांगलं येतं! सांगायचंस सरळ त्याला, हा माणूस खोटं बोलतोय म्हणून. तोंड शिवलं होतं का?’

शेजारच्या खाटेवरच्या बाई बघायला लागल्या. भाषा कळत नव्हती, पण आवाज कळत होता.

‘तुम्ही खोटं बोलताय असं मला वाटलंच नाही,’ ती म्हणाली.

‘म्हणजे?’

‘म्हणजे काय. तुम्ही जन्मभर हेच शिकवलंत. मला वाटलं, तुम्हाला कळत असेल. मला आपलं पाठच दुखूलालं असं वाटायचं. पण तुम्ही सांगितलंत म्हटल्यावर मी विचार केला, असेल बाई, माझंच मन बिघडलं असेल.’

मी मोसंबं तसंच हातात धरून होतो.

‘मुलीची आठवण यायची हो मला,’ ती छताकडे बघत सांगत होती, ‘पण एवढी नाही यायची. खरं सांगते. ती तिथं सुखात आहे, रोज बोलते. मग मला वाटायचं, आत कुठं तरी खूप येत असेल आणि मला कळत नसेल. म्हणून मी रोज सकाळी, तुम्ही फिरायला गेलात की तिचा फोटो घेऊन बसायचे. म्हटलं, एकदा रडू आलं की पाठ थांबेल. आपण बाहेर काढलं नाही म्हणून दुखतंय ना? मग काढू. रडूच यायचं नाही. पाठ एवढी दुखायची की रडायचं सुचायचं नाही. मग मी स्वतःलाच रागवायचे. म्हणायचे, कसली ग आई तू. पोरगी सातासमुद्रापार गेली आणि तुला रडायला येत नाही, पाठीचं कौतुक तेवढं येतं.’

ती हे अगदी शांतपणे सांगत होती, वर्गात गणित समजावून सांगावं तसं. क्षय मी दिला नव्हता, तो कुठून तरी आला. पण हे? ही रोज सकाळची फोटोची शिक्षा? ही मी दिली होती. तिच्याकडे फक्त दुखणं होतं, धाकटं. मी त्याच्या डोक्यावर थोरली घालमेल नेऊन ठेवली आणि वर म्हणालो, बघ, हीच खरी.

‘मला माफ कर,’ मी म्हणालो. ती म्हणाली, ‘द्या ते मोसंबं. कधीचं सोलताय.’

फेब्रुवारीत आम्ही घरी आलो. गोळ्या दीड वर्ष घ्यायच्या आहेत. रोज एक मुलगी येऊन तिच्याकडून व्यायाम करून घेते. आधी वॉकर धरून पलंगापासून दारापर्यंत, मग ओसरीपर्यंत. स्वयंपाक मी करतो. सांबाराला चव नसते, ती मुकाट्यानं खाते. पाय आले. पूर्ण नाही, पण आले. लोक म्हणतात, सुटलात. मीही तसंच म्हणत होतो, गेल्या आठवड्यापर्यंत.

गेल्या आठवड्यात सकाळी ती म्हणाली, ‘आज कॉफी मी करते.’ मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मी बाहेर पेपर घेऊन बसलो. वॉकरचा खटखट आवाज आत गेला, गॅस पेटल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं भांडं पडल्याचा मोठा आवाज झाला, आणि मग काहीच नाही. हाक नाही, ओरडणं नाही. मला वाटलं, रिकामं भांडं असेल.

पुन्हा वॉकरचा आवाज आला, खूप सावकाश. ती दारात येऊन उभी राहिली. एका हातानं वॉकर धरलेला. दुसरा हात तिनं माझ्यापुढे केला. मनगटापासून कोपरापर्यंत लालभडक, साय चिकटलेली, कातडी फुगून वर आलेली. उकळतं दूध सांडलं होतं.

‘अहो,’ ती म्हणाली, ‘बघा ना जरा. हे खरंच दुखतंय ना?’

टोमणा नव्हता तो. छत्तीस वर्षांत तिनं मला टोमणा मारलेला नाही, तिला ते जमतच नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ओठ दातांखाली दाबलेला होता, आणि ती थांबली होती. मी सांगेपर्यंत थांबली होती.

‘दुखतंय,’ मी म्हणालो. ‘अगं, खरंच दुखतंय. भाजलंय तुला.’

ती माझ्या तोंडाकडे क्षणभर बघत राहिली, मी नक्की म्हणतोय ना ते बघत. आणि मग ती ओरडली.